सगळ्या पावत्या

आमच्या नॉर्वेत शेजाऱ्याचा पगार बघता येतो, पण चोरून बघता येत नाही. कर खात्याच्या पानावर जायचं, नाव टाकायचं, की त्या माणसाची वर्षाची मिळकत, भरलेला कर आणि जमवलेली मालमत्ता असे तीन आकडे समोर येतात. फक्त ज्याचं नाव टाकलं, त्यालाही तुमचं नाव कळतं. म्हणून भल्या घरची माणसं बघत नाहीत, आणि ज्यांना राहवत नाही ती ऑफिसातल्या कुणाला तरी कॉफी पाजून त्याच्याकडून बघवून घेतात. माझा दीर मात्र दर डिसेंबरात उघडउघड माझं नाव टाकतो आणि नाताळच्या जेवणाला बरगड्या चघळत सगळ्यांसमोर म्हणतो, “वहिनी, यंदा दोन हजारांनी घसरलात.” त्याला लाज कशी ती नाहीच.

त्या मंगळवारी मी त्या पानावर गेले ती नवऱ्याच्या कामासाठी. यार्ले गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर इंजिन सांभाळतो, आणि कामावर जाण्यायेण्याच्या खर्चाची वजावट मागायला दरवर्षी विसरतो. ते काम उरकलं आणि सहज कोपऱ्यातल्या ‘तुम्हाला कोणी पाहिलं’वर बोट गेलं. दोन नावं होती. एक दिराचं. दुसरं, अकरा डिसेंबर, गुन्वोर मोएन, नाम्सोस.

मी खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. मग जाऊन फ्रिज उघडला आणि काही न घेता बंद केला. सप्टेंबर संपत आला होता. म्हणजे तिला कळून नऊ महिने झाले होते.

गुन्वोर मोएनला मी कधी भेटले नव्हते, तरी सख्ख्या नणंदेपेक्षा तिची मला जास्त माहिती होती. नाम्सोसच्या वृद्धाश्रमात कामाला, नवरा सोडून गेलेला, इल्वा नावाची एक मुलगी. सहा वर्षं माझ्या ब्लॉगवर दर रविवारी पहिली प्रतिक्रिया तिचीच असायची. मी पहाटे सहाला लेख टाकला तरी सव्वासहाला गुन्वोर हजर.

ब्लॉगचं नाव ‘सगळ्या पावत्या’. सुरुवातीची तीन वर्षं तो कोणी वाचत नव्हतं, आणि बरोबरच होतं. मी शहाणपण लिहायचे. अंथरूण पाहून पाय पसरा, यादी करून दुकानात जा, पोटात भूक घेऊन खरेदी करू नका. असलं शहाणपण बँकेच्या माहितीपत्रकात फुकट मिळतं. मग एका नोव्हेंबरात मी वैतागून खरं लिहिलं. घरात दोन कोट असताना सवलतीत मिळाला म्हणून तिसरा घेतला, यार्लेला दिसू नये म्हणून गाडीच्या डिकीत ठेवला आणि आठवडाभर जुनाच घालून कुडकुडत फिरले. खाली पावतीचा फोटो, चार हजार दोनशे क्रोनर. दुसऱ्या दिवशी सकाळी तीनशे प्रतिक्रिया! देशातल्या निम्म्या बायकांच्या डिकीत एकेक कोट निघाला.

तेव्हापासून दर रविवारी, दुकानं बंद असतात त्या दिवशी, मी आठवड्याच्या सगळ्या पावत्या मांडते. दूध, पेट्रोल, आमच्या लेकीची, तुवाची घोडेस्वारी, यार्लेच्या चड्ड्या. चुकलं तिथे चुकलं म्हणते. आता अकरा हजार माणसं वाचतात. पैशावर लिहिणारे आमच्याकडे उदंड झाले आहेत, सगळे हसऱ्या चेहऱ्याचे आणि पांढऱ्या स्वयंपाकघरांतले. लोक माझ्याकडे येतात ते मी काही झाकत नाही म्हणून. म्हणून तर त्या शनिवारी शहरातल्या वाचनालयात माझं भाषण ठेवलं होतं. इतर ब्लॉगवाल्यांना मी सांगणार होते की पैशाचा ब्लॉग गर्दीत उठून कसा दिसतो.

आता झाकलेलं सांगते. ब्लॉगच्या माथ्यावर पहिल्या दिवसापासून एक ओळ आहे, ‘दोन साधे पगार, एक मूल, घराचं कर्ज. वारसा नाही, लॉटरी नाही.’ लिहिली तेव्हा अक्षर न् अक्षर खरी होती. पुढे पाच वर्षांपूर्वी माझी डाग्नी मावशी गेली. तिला मूलबाळ नव्हतं. बर्गनमधला तिचा फ्लॅट विकून माझ्या वाट्याला एकोणीस लाख क्रोनर आले. मी ते फंडात ठेवले. त्याची पावती नव्हती. मी स्वतःला सांगितलं की हा खर्च नाही, पगार नाही, तर रविवारच्या पानावर बसवायचा कुठे? पुढच्या रविवारी बघू. असे अडीचशेच्या वर रविवार गेले.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण मावशीच्या पैशांनंतर वर्षभराने मी ‘रिकामा गल्ला’ लिहिलं, आणि त्यानेच माझं नाव झालं. म्हणणं साधं होतं. अडीअडचणीसाठी फक्त वीस हजार बाजूला ठेवा, बाकी हाताला लागेल ते सगळं घराच्या कर्जावर फेका. गल्ला रिकामा दिसला की हात आपोआप आखडतो. भित्र्या माणसाचं कर्ज कधी फिटत नाही, असंही मी त्यात लिहून ठेवलं होतं. आमचं कर्ज भराभर उतरत गेलं आणि लोकांनी दर महिन्याला आकडे बघून टाळ्या वाजवल्या. ब्लॉगवर, घर धरून आणि कर्ज वजा जाता, आमची मालमत्ता चार लाख बारा हजार. कर खात्याच्या पानावर माझी मालमत्ता तेवीस लाखांच्या वर.

संध्याकाळी यार्ले बटाटे सोलत होता.

“यार्ले, कोणीतरी मला बघितलंय,” मी म्हटलं.

“कोणी? देखणा आहे का?”

“गुन्वोरने. कर खात्याच्या पानावर. डिसेंबरातच.”

त्याने सुरी खाली ठेवली, पण हसू काही ठेवलं नाही. “मग? तिला आकडा कळला. नऊ महिने झाले, आभाळ कोसळलं का?”

“ती काहीच बोलली नाही, हेच तर!”

“अगं, मग तिला काही पडलेलं नाही. तूच कशाला येरझाऱ्या घालतेस? खाई त्याला खवखवे.”

“तुला काय जातंय बोलायला!”

“मला? अख्ख्या देशाला ठाऊक आहे की मी चड्ड्या तीनच्या गठ्ठ्यात घेतो. मावशीचे एकोणीस लाख तेवढे सोवळ्यात. मी तेव्हाच म्हटलं होतं, लिहून टाक.”

म्हटलं होतं खरं. तेव्हा मी त्याच्यावर खेकसले होते की तुला ब्लॉगमधलं काय कळतं. वारसा मिळालेली बाई बचतीवर लिहिते म्हटल्यावर कोण वाचेल? खरं सांगायचं तर मला ती टाळ्यांची सवय लागली होती. पैसा नसलेली, पण खमकी बाई. ती मी असावी असं मला फार वाटायचं.

तुवा झोपायला गेल्यावर मी गुन्वोरच्या जुन्या प्रतिक्रिया काढून बसले. अकरा डिसेंबरनंतरच्या. चौदा डिसेंबरला तिने विचारलं होतं, ‘सुन्निवा, घरात एकदम मोठा खर्च निघाला तर तू काय करतेस? एकदा लिहिशील?’ जानेवारीत, ‘रिकाम्या गल्ल्याची तुला कधी भीती नाही वाटत?’ मार्चमध्ये, ‘मागे काही असलं की माणूस धीट होतो, नाही का?’ आणि या प्रत्येकाखाली मी काय उत्तर दिलं होतं? एक लाल बदाम आणि ‘सवयीने जमतं, गुन्वोर!’ मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. बाईने तीन वेळा दार उघडून धरलं होतं आणि मी तिन्ही वेळा तिला बदाम देऊन पुढे गेले होते.

मग माझ्या डोक्यात शिरलं की शनिवारी हिने भाषणाला येऊन सगळ्यांसमोर विचारलं तर? ही बाई आहे तरी कोण? वृद्धाश्रमात काम करते म्हणते, खरं कशावरून? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. मी पुन्हा त्या पानावर गेले, ‘गुन्वोर मोएन, नाम्सोस’ टाकलं आणि बटण दाबलं. मिळकत तीन लाख सहा हजार. मालमत्ता शून्य.

आकडा बघून बरं वाटलं, ते दोन सेकंद. तिसऱ्या सेकंदाला डोक्यात प्रकाश पडला. मी तिला बघितलं हे आता तिलाही दिसणार होतं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

“यार्ले!”

तो दात घासत आला. काय केलं ते मी सांगितलं. त्याने तोंडातला ब्रश बाहेर काढला.

“पैशाचा ब्लॉग तूच लिहितेस ना?” तो म्हणाला. “अगं, माझ्या नावाने तरी बघायचं. माझं काय, मी परवा बोटीवर निघून जाणार.”

“आता काय करू?”

“झोप.”

तो झोपलाही. माणसाला इंजिनाच्या खडखडाटात झोपायची सवय असली की बायकोच्या कुशी बदलण्याचं काही वाटत नाही.

बुधवारी सकाळी गुन्वोरची मेल आली. तीन ओळी. ‘तू मला बघितलंस. बरं झालं. शनिवारी मी बसने येते, अकराच्या आधी नदीकाठच्या बाकावर बसलेली असेन, वाचनालयाच्या खालच्या अंगाला.’ ना बदाम, ना हसरा चेहरा. सहा वर्षांत तिने हसऱ्या चेहऱ्याशिवाय एक ओळ लिहिली नव्हती.

पुढचे तीन दिवस मी घर डोक्यावर घेतलं. तळघरातले स्कीचे बूट आकाराप्रमाणे लावले. ऑफिसात एका गिऱ्हाइकाला दोनदा तेच पत्र पाठवलं. भाषण चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा पहिलं वाक्य तेच निघालं, ‘आकडे उघडे ठेवा.’ ते वाचलं की मी उठून कपडे घड्या करायला जायचे. गुरुवारी तुवा म्हणाली, “आई, तू माझे धुतलेले मोजे परत धुतेस.” तिला ओरडले आणि मग तिची माफी मागितली. शुक्रवारी भाषण आयोजित करणाऱ्या हाल्वरचा फोन आला. साठ जण नोंदवले गेलेत, जागा कमी पडणार, असं तो खुशीत सांगत होता. आजारी आहे म्हणून सांगावं, असं ओठांपर्यंत आलं होतं. पण नाम्सोसहून बसने साडेतीन तास. ती बाई बाकावर वाट बघत बसेल आणि मी घरी पांघरूण घेऊन? तेवढी कोडगी मी अजून झाले नव्हते.

शनिवारी साडेनऊलाच पोचले. ती आधीच बसली होती. मी मनात एक धिप्पाड, कोर्टात उभी राहावी तशी बाई रंगवली होती. ही लहानखुरी, पन्नाशी उलटलेली, पावसाळी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. मांडीवर कागदात गुंडाळलेला ब्रेड.

“बस गं,” ती म्हणाली. “खाल्लंस का? तपकिरी चीज आहे. घरून आणलंय, विकतचं नाही. तूच शिकवलंस.”

मी एक तुकडा हातात घेतला. “गुन्वोर, तुम्ही का नाही बोललात?” मी विचारलं. “तुम्हाला माहीत होतं. एक ओळ लिहिली असती तर दुसऱ्या दिवशी माझा ब्लॉग बंद पडला असता.”

“हो. माहीत होतं.”

“मग?”

तिने कागदाची घडी नीट केली. “आधी मी का बघितलं ते ऐक. डिसेंबरात घर गरम ठेवणारा पंप बंद पडला. बाहेर उणे चौदा. दुरुस्तीला अठ्ठावीस हजार. माझ्या गल्ल्यात किती? वीस. तुझ्या हिशेबाने बरोब्बर वीस. उरलेले कार्डावर काढले, व्याज बघून डोळे पांढरे झाले. त्या रात्री कोट घालून बसले होते, आणि मनात आलं की सुन्निवाचा पंप बिघडला असता तर? म्हणून बघितलं. तुला खोटं वाटेल, पण मी तुला पकडायला नव्हते आले. मला वाटलं, तुझंही शून्य असेल. बघून बरं वाटलं असतं. दोघी सारख्या म्हणून.”

मी तेवीस लाखांची बाई तिच्या घरचं चीज हातात धरून बसले होते.

“एक दिवस खूप चिडले,” ती पुढे म्हणाली. “आश्रमात एका आजोबांच्या पुढ्यात सूपची वाटी आपटली. ते म्हणाले, माझं काय चुकलं? मग मला हसू आलं. आणि मग हलकं वाटलं बघ. इतकी वर्षं मी समजत होते की माझ्यात खोट आहे. सुन्निवाला जमतं, मला जमत नाही, म्हणजे मी आळशी, मी उधळी. मी कॉफीसुद्धा मोजून प्यायचे गं! तर खोट माझ्यात नव्हतीच. तुझ्या पाठीशी गादी होती आणि तू आम्हाला सांगत होतीस, बिनधास्त उडी मारा.”

“मी चुकले,” मी म्हटलं. “पण तरी तुम्ही गप्प का बसलात?”

तिने नदीकडे तोंड वळवलं. पलीकडच्या काठाने कोणी वल्हवत चाललं होतं.

“कारण मी कोणत्या तोंडाने बोलू? दोन वर्षांपूर्वी इल्वा म्हणाली, आई, मला एक वर्ष तिथेच राहून शिकायच्या लोकशाळेत जायचंय. लाकूडकाम शिकायचंय. तिचे हात चांगले आहेत, माझ्या घरातली खुर्ची तिने केलीये. फी, राहणं, सगळं मिळून, तिचे स्वतःचे साठवलेले धरूनही, वर नव्वद हजार लागत होते. मी तिला सांगितलं, पैसे नाहीत.”

“नव्हतेच ना?”

“होते. माझ्या वडिलांची जुनी बोट विकली होती त्याच महिन्यात. पंच्याण्णव हजार आले होते. आणि तुझा लेख आला होता, मुलांना ‘नाही’ म्हणायला शिका. तुवाच्या घोड्याचा. आठवतो?”

आठवत होता. तुवाला महागड्या शिबिराला मी नाही म्हटलं होतं आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. पुढच्याच महिन्यात तिला पाठवलं, मावशीच्या फंडातून. त्याचीही पावती टाकली नव्हती.

“मी सगळे पैसे कर्जावर फेकले,” गुन्वोर म्हणाली. “आणि लेकीला म्हटलं, आपल्याकडे नाहीत गं, आपण गरीब. तिने एका शब्दाने वाद घातला नाही. माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, असू दे आई. दुसऱ्या आठवड्यात मासळीच्या कारखान्यात लागली. अजून तिथेच आहे. पगारातून मला दर महिन्याला दीड हजार देते, आई गरीब आहे म्हणून.” तिने मांडीवरचा चुरा झटकला. “तेव्हा तू आणि मी. एकीने दुसरीला काय म्हणायचं?”

पावणेअकरा झाले होते. वरच्या रस्त्यावर हाल्वर उभा राहून माझ्याकडे बघून हात हलवत होता.

“तुम्ही तिला सांगणार?” मी विचारलं.

“तू सांगणार?” ती म्हणाली.

तिने उरलेला ब्रेड पिशवीत घातला आणि आम्ही पायऱ्या चढलो.

खोली भरली होती. मागची भिंत काचेची, पलीकडे वाचनालयाचा लांब बोळ. गुन्वोर शेवटच्या रांगेत कडेला बसली. हाल्वरने माझी ओळख करून दिली, ‘नॉर्वेतली सगळ्यात प्रामाणिक पाकीटवाली’ म्हणाला, आणि लोक हसले. मी कागद उघडला. पहिलं वाक्य तिथेच होतं. मी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

“तुम्ही हे ऐकायला आलात की ब्लॉग उठून कसा दिसतो,” मी म्हटलं. “लोक आपल्याकडे शहाणपण शिकायला येत नाहीत. ते त्यांना घरबसल्या मिळतं. आपल्यासारखंच अजून कोणी चुकतंय का, हे बघायला येतात. आपल्याइतकेच पैसे असलेलं कोणी जगतंय का, हे बघायला येतात. ते मी ओळखलं आणि वर आले.” इथवर ठीक होतं. काही जण लिहून घेत होते. “आता फोन काढा. कर खात्याच्या पानावर माझं नाव टाका. कोणी कोणी बघितलं ते मला कळेल, पण लाजू नका.”

कोणी फोन काढला नाही. साठ माणसं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. आमच्याकडे चारचौघांत दुसऱ्याचा आकडा बघणं म्हणजे भर सभेत त्याच्या सदऱ्यात हात घालण्यासारखं. हाल्वर उगाचच खोकला.

“बरं, मीच सांगते. तेवीस लाख चाळीस हजार. त्यातले एकोणीस लाख मावशीचे आणि त्यांची वाढ. माझ्या ब्लॉगच्या माथ्यावर ‘वारसा नाही’ असं लिहिलंय, ते पाच वर्षं खोटं आहे. आणि ‘रिकामा गल्ला’ ज्यांनी ज्यांनी केला असेल, त्यांनी ऐका. माझा गल्ला कधी रिकामा नव्हता. मी धीट नव्हते. मला पडायला जागा होती. तुम्हाला नव्हती, आणि मी तुम्हाला भित्रे म्हणाले.” मी कागद खिशात घातला. “उद्या सकाळी सहाला हेच ब्लॉगवर येईल.”

टाळ्या झाल्या नाहीत. तिसऱ्या रांगेतली एक तरुण बाई उठली. “माझ्या बहिणीने हे केलं होतं,” ती म्हणाली. पुढे काही बोलेल असं वाटलं, पण तिने नुसती पिशवी उचलली आणि ती निघून गेली. तिच्यामागे आणखी दोघं गेले. मला हवं होतं की कोणीतरी ओरडावं. ओरडलं असतं तर उत्तर देता आलं असतं. आमच्याकडे ओरडत नाहीत. खुर्ची हळूच मागे सारतात.

पुढच्या रांगेतल्या चष्मेवाल्या पोराने हात वर केला. “म्हणजे, सल्ला म्हणून विचारतो,” तो म्हणाला, “हे असं सांगितल्यावर वाचक राहतात का?”

“माहीत नाही,” मी म्हटलं.

“अंदाजे किती टक्के जातील?”

त्याला मी काय सांगितलं ते मला आठवत नाही, कारण तेवढ्यात शेवटच्या रांगेतली गुन्वोर उठली. ती माझ्याकडे न बघता दार उघडून बाहेर बोळात गेली. ही पण चालली, असं वाटलं. पण ती गेली नाही. काचेपलीकडे पुस्तकांच्या कपाटाला पाठ लावून उभी राहिली, जाकिटाच्या खिशातून फोन काढला आणि कानाला लावला. फोन इल्वालाच असणार. तिचे ओठ हलत होते. काच जाड होती, मला एक शब्द ऐकू येत नव्हता. मधेच तिने बोलणं थांबवून ऐकलं. मग पुन्हा थोडं बोलली. मग फोन कानापासून काढून पडद्याकडे बघितलं, पलीकडून बंद झालेल्या फोनकडे माणूस बघतो तसं.

“टक्के?” पोराने पुन्हा विचारलं.

गुन्वोरने तळहाताने तोंड पुसलं आणि पुन्हा नंबर लावला.